निजलेले शेत

मी एक जुने शेत आहे. माझ्या छातीवरून एकशे बारा हत्ती गेले आहेत. रथांच्या चाकांनी माझे बांध फोडले, सात साम्राज्यांच्या फौजा माझ्या कडेला उभ्या राहून एकमेकींना पाण्यात पाहत राहिल्या, आणि जगाचा इतिहास निदान तीनदा तरी माझ्या ईशान्य कोपऱ्यात वळला. असे शेत तुम्ही पाहिले नसेल. आणि मित्रांनो, पाहिले असले तरी लक्षात राहिले नसेल, कारण माझी लांबी एक वीत आणि रुंदी सहा बोटे आहे, आणि शेत होण्यापूर्वी मी काथ्याचे पायपुसणे होतो.

शेत काय, पायपुसणे काय, दोन्ही नपुंसकलिंगी. पण आपल्या भाषेत 'मी' म्हणून बोलायचे तर बाई किंवा बुवा यांपैकी काहीतरी व्हावेच लागते. मी बुवा झालो. त्यावर कोणी हरकत घेतली नाही. पायपुसण्याच्या बोलण्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण कोणी ऐकतच नसते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, त्यातले काही आठवत नाही. आठवतो तो एका मोजणीदारांच्या घराचा उंबरा. मोजणीदार म्हणजे सरकारसाठी जमिनी मोजणारा माणूस. साखळी ओढून, झेंड्या रोवून, कोणाचे शेत कुठे संपते आणि शेजाऱ्याशी भांडण कुठे सुरू होते ते हा कागदावर आखतो. त्यांच्या दारात मी अकरा वर्षे पडून होतो. तुम्ही माणसे तोंडावरून ओळखता, मी पायांवरून. मोजणीदार उजवा पाय दोनदा पुसत आणि डावा विसरत. त्यांच्या बायकोचे पाय माझ्यावर नुसते उभे राहत, कारण शेजारणीशी बोलणे उंबऱ्यावरच व्हायचे आणि ते पाऊण तासाच्या आत आटोपल्याचे मला स्मरत नाही. अशा उभे राहण्याने मधोमध माझे केस गेले. कडेला दाट काथ्या आणि मध्ये स्वच्छ टक्कल.

मग मोजणीदार निवृत्त झाले. पहिल्या महिन्यात त्यांनी स्वतःचे घर मोजले. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याचे अंगण मोजले. तिसऱ्या महिन्यात शेजारी बोलेनासा झाला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, जरा वाचनालयात जात जा."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत शनिवारी दुपारी चार-सहा प्रौढ माणसे खेळायला जमत. खेळ असा. दोन टेबले जोडून त्यांवर हिरवे कापड पसरायचे. कापडावर टेकडी, ओढा, जंगल, गाव, शेते मांडायची. मग करंगळीच्या पेराएवढे शिशाचे सैनिक उभे करायचे, पट्टीने मोजून पुढे सरकवायचे, आणि कोण मेले ते फाशांना विचारायचे. बंदुका-तोफा नाहीत. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लढाया, भाले, गोफणी, रथ आणि हत्ती. या मंडळींचे सेनापती होते घड्याळजी. चौकात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर हत्तींच्या पायांना नखे रंगवत. गिऱ्हाइकांची घड्याळे महिनोन्‌महिने बंद असत, पण हत्ती नखशिखान्त पूर्ण होते.

मोजणीदार पहिल्या शनिवारी गेले, पाठीमागे हात बांधून टेबलाभोवती एक फेरी मारली आणि थांबले.

"हे गाव कुणी वसवलं?"

"मी," घड्याळजी म्हणाले. "का हो?"

"पाणी कुठून आणतात?"

"कोण?"

"गावातली माणसं."

"गावात माणसं कुठली? चार बुचाची घरं आहेत. मध्ये आली की रथ अडतात, म्हणून टेकडीवर नेऊन ठेवलीत."

"आणि शेत जंगलापलीकडे?"

"कोपऱ्यात बरं असतं. कुणाच्या पायात येत नाही."

"शेतकऱ्याच्याही येत नाही," मोजणीदार म्हणाले. "म्हणजे हा माणूस सकाळी टेकडी उतरणार, जंगल ओलांडणार, दुपारी शेतावर पोचणार, एक ढेकूळ फोडणार आणि लगेच परत निघणार. वाघानं नाही खाल्लं तर उपाशी मरेल."

"मरतो का ते फासे टाकून बघू," घड्याळजी म्हणाले. सगळे हसले. मोजणीदार हसले नाहीत.

"लढायला सपाट जागा लागते ना तुम्हाला? सपाट जागा माणसानं आधीच नांगरलेली असते, घड्याळजी. तुमच्या पुस्तकात 'मोकळं मैदान' म्हणून लिहिलंय, ते कुणाचं तरी शेत आहे."

हा संवाद मोजणीदारांनी घरी येऊन बायकोला शब्दशः ऐकवला, आणि मी उंबऱ्यात पडल्या पडल्या ऐकला. पुढच्या शनिवारपासून गाव वसवण्याचे काम त्यांच्याकडे आले. टेबलावर प्रथमच माणसांना राहता येईल असे गाव उभे राहिले. पाण्याजवळ, पण पुराच्या वर. घरांना लागून भाजीचे वाफे आणि खळे. त्याभोवती शेते, हाक मारली तर घरी ऐकू जाईल इतक्या अंतरावर. मग गुरांचे रान, आणि सगळ्यांच्या मागे जंगल. एवढे झाल्यावर मोजणीदार म्हणाले, "आता जेवढी शेतं पिकात आहेत तेवढीच पड हवीत." कारण त्या काळी खताची पोती नव्हती. एक वर्ष पेरले की दुसरे वर्ष जमिनीला विश्रांती द्यावी लागे. जमीनही दमते, मित्रांनो. फक्त ती रजेचा अर्ज करत नाही.

पड जमिनीसाठी हवे होते काहीतरी तपकिरी, विरळ, खुरटे. मोजणीदारांनी घरी येऊन इकडे तिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली.

"अहो! माझं पायपुसणं!" बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"अर्धंच घेतलंय."

"मग आता पाहुण्यांनी एकच पाय पुसायचा का?"

"मी नाही का एकच पुसत?"

"ते मी अकरा वर्षं बघतेय," ती म्हणाली आणि उरलेले अर्धे उचलून मोरीत घेऊन गेली.

माझ्या दाट कडेचे त्यांनी तीन तुकडे केले, त्यांना पिवळा-हिरवा रंग दिला, आणि ते गव्हाची शेते झाले. टकलाचा एक तुकडा कापला. तो मी. मला रंगही द्यावा लागला नाही.

मी आयुष्यात प्रथमच उंचावर आलो होतो. पण मित्रांनो, टेबलावरही उंबऱ्यासारखेच असते. माझ्या भावंडांचे कौतुक होई. बघायला आलेला प्रत्येक माणूस वाकून म्हणे, "वा, गहू अगदी खरा वाटतो." मग त्याचा हात टेकायला जागा शोधे आणि माझ्यावर टेके. आम्ही एकाच पायपुसण्याची लेकरे, पण ती पीक झाली आणि मी पड. लढाईत पिकाला मान होता. पिकातून जाताना रांग मोडते, घोडे मंदावतात, असा नियमच होता. माझ्याबद्दल नियम नव्हता. दर शनिवारी घड्याळजी आपला सर्वांत जड हत्ती उचलून माझ्यावर ठेवत आणि म्हणत, "इथं काही नाही."

"तिथं पड आहे," मोजणीदार म्हणत.

"तेच म्हणतोय मी. पडीक."

हा शब्द आला की मोजणीदार हातातली पट्टी खाली ठेवत आणि खिडकीशी जाऊन उभे राहत. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते, सायकली लावायची पत्र्याची शेड होती. तिच्याकडे ते दोन-तीन मिनिटे बघत.

पड आणि पडीक यांत फरक काय ते तुम्हाला सांगायला हवे. पड म्हणजे मालकाने मुद्दाम विश्रांतीला ठेवलेली जमीन. पडीक म्हणजे जिला कोणी वाली नाही अशी. दोन्हीकडे गवतच दिसते. फरक दीड अक्षराचा, आणि तो गवतात उभे राहून कळत नाही, मालकाला विचारावे लागते.

चार वर्षे घड्याळजींनी विचारले नाही. ते घड्याळे उघडणारे होते, माणसे उघडायची त्यांना सवय नव्हती. पण एका शनिवारी बाकीचे कोणी आले नाहीत, दोघेच होते, आणि मोजणीदार खिडकीतून परतायला तयार नव्हते.

"मोजणीदार, चाल तुमची आहे. त्या शेडमध्ये काय आहे एवढं?"

"माझी थोरली बहीण आहे," मोजणीदार म्हणाले.

"शेडमध्ये?"

"अहो, शेडमध्ये कशाला असेल? आहे, जगात आहे. एकतीस वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही."

"भांडण?"

"भांडण झालं असतं तर मिटलं असतं."

मग ते टेबलाशी आले, हत्ती माझ्यावरून बाजूला केला आणि माझ्याकडे बघत बोलू लागले. मी जन्मभर माणसांची बोलणी ऐकली आहेत, पण ती माझ्या डोक्यावरून जाणारी. माझ्याकडे बघून कोणी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

"ताईच्या गावाची मोजणी माझ्याकडे आली होती. मेहुणे गेलेले, शेत ती एकटीच बघायची. दुपारी जेवायला तिच्याकडे होतो. वाढता वाढता म्हणाली, 'खालच्या शेताला यंदा निजू दिलंय हं मी. लागोपाठ तीन वर्षं पीक घेतलं, दमलंय बिचारं. पुढच्या साली बघ कसं उठतं ते.' मी म्हटलं बरं. संध्याकाळी त्या शेतात उभा राहिलो. घोट्याच्या वर गवत. रकान्यात एकच शब्द लिहायचा होता."

"पड लिहायचं."

"लिहिणारच होतो. बरोबर एक कारकून होता. तो नुसतं हसून म्हणाला, 'बहिणीचं का हो हे?' झालं. मनात आलं, आता पड लिहिलं तर म्हणतील भावानं झाकून घेतलं. नियम असा होता की गवत घोट्याच्या वर आणि पीक नाही, तर पडीक लिहायला हरकत नाही. मी नियमावर बोट ठेवलं आणि लिहिलं. परक्याचं शेत असतं ना घड्याळजी, तर मी सरळ पड लिहिलं असतं."

घड्याळजींनी हातातले फासे टेबलावर ठेवले.

"चार वर्षांनी सैन्याला कवायतीला मैदान हवं होतं. हुकूम निघाला, आधी पडीक जमिनी घ्या. कागदावर शोधल्या. तिचं शेत त्या वेळी गुडघाभर पिकात होतं हो. पण कागदावर पडीक. ती कचेरीत आली, वही बघायला मागितली. अक्षर ओळखायला तिला काय लागणार, तिनंच ते माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलं होतं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, 'मी तुला सांगितलं होतं ना, निजलंय म्हणून?' त्यानंतर नाही बोलली."

घड्याळजींनी डोळ्यावरचे भिंग काढले, सदऱ्याला पुसले, परत लावले. मग हलकेच म्हणाले, "चाल तुमची आहे."

पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्यावर हत्ती ठेवला नाही. कधी ठेवलाच तर आधी मोजणीदारांकडे बघत.

पुढल्या वर्षी वाचनालयाला पन्नास वर्षे झाली. समारंभात मागच्या खोलीतल्या मंडळींनीही लोकांसमोर एक लढाई खेळावी असे ठरले. मोजणीदार महिनाभर खपत होते. त्यांनी ताईचे गाव मांडले. घरे अडीच हजार वर्षांपूर्वीची, पण ओढा तिथलाच, उतार तिथलाच, खळे तिथलेच, आणि ओढ्याच्या वळणावर खालचे शेत म्हणून मी. मग त्यांनी भाचीला फोन केला. "आईला काही सांगू नकोस. नुसतं दाखवायला घेऊन ये." त्या आठवड्यात त्यांनी मला दातांच्या ब्रशने तीनदा विंचरले. टकलावर विंचरण्यासारखे काही नव्हते, पण मी बोललो नाही.

ताई आली. काठी टेकत, भाचीच्या आधाराने. सभागृहात गलका होता. ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि एकेक गोष्ट बघत गेली. मोजणीदार तिच्यासमोर, टेबलापलीकडे, शाळेत पाढा म्हणायला उभे केल्यासारखे.

"खळं जरा वर होतं," ती म्हणाली. भावाला नव्हे, घड्याळजींना.

घड्याळजींनी मुकाट्याने खळे दोन बोटे वर सरकवले.

मग तिने मला पाहिले. काठी भाचीकडे दिली आणि एक बोट माझ्यावर ठेवले.

"हे काय?"

"ताई, ते..." मोजणीदारांनी सुरुवात केली.

"पड आहे ते," घड्याळजी म्हणाले. "मालकिणीनं यंदा निजू दिलंय."

ताईने बोट काढले. भाचीला म्हणाली, "खुर्ची दे मला." आणि ती तिथेच बसली.

लढाई सुरू झाली. घड्याळजींचे हत्ती ओढ्याच्या वळणाशी आले. त्यांना जिंकायचे तर माझ्यावरून जाणे भाग होते. हत्ती उचललेला हात हवेत असतानाच ताई म्हणाली, "त्याच्यावरून जाऊ नका."

"आजी, मोकळं आहे ते," गर्दीतले कोणीतरी म्हणाले.

"निजलंय ते. वळसा घाला."

घड्याळजींनी वळसा घातला. हत्ती ओढ्यात रुतले, भालाईत एकटे पडले, आणि अठरा वर्षे न हरलेले सेनापती दुपारी साडेतीन वाजता पार धुळीला मिळाले. मित्रांनो, एवढ्या साम्राज्यांत माझ्यासाठी हरलेले साम्राज्य ते एकच.

लोक पांगले. ताई उठली. मोजणीदार पुढे आले आणि म्हणाले, "ताई, पुन्हा येशील?"

ती घड्याळजींकडेच बघत होती. "याला विचारा, वहीतला तो शब्द खोडला का?"

"खोडता येत नाही ताई," मोजणीदार म्हणाले. "वही दफ्तरात जमा आहे. मी निवृत्त झालो. आणि आता तिथं शेतही नाही, पेव्हर ब्लॉक आहेत."

"मग माझ्याशी काय बोलायचं असेल याला?" असे म्हणून ती गेली.

सोमवारी सकाळी मोजणीदारांनी मला पिशवीत घातले आणि आपल्या जुन्या कचेरीत गेले. मला नेले ते पुरावा म्हणून. पड जमीन कशी असते हे साहेबांना समजावून द्यावे लागेल, असे त्यांना वाटले. त्यात ते चुकले नाहीत.

"चूक कुणाची?" खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

"माझी."

"दुरुस्तीनं तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"बहिणीला?"

"तिलाही काही नाही. जमीन गेली ती गेली."

"मग कशाला काका उन्हाचे हेलपाटे घालता?"

"शब्द चुकीचा आहे म्हणून."

कारकुनाने कपाटातले अर्जांचे सगळे नमुने चाळले. या कामाचा नमुनाच नव्हता. चुकीमुळे नुकसान झालेल्याचा होता, चूक करणाऱ्याचा नव्हता. अखेरीस सर्वांत जवळचा म्हणून त्याने 'कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार' हा नमुना दिला. मोजणीदारांनी तक्रारदाराच्या जागी स्वतःचे नाव लिहिले आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या जागीही स्वतःचेच. पाच महिन्यांनी त्यांच्या घरी एकाच दिवशी दोन पाकिटे आली. एकात त्यांना तक्रारदार म्हणून बोलावले होते. दुसऱ्यात बजावले होते की सुनावणीपूर्वी तक्रारदाराला भेटून त्याच्यावर दबाव आणू नये.

"म्हणजे आरशात बघायचं नाही तुम्ही," बायको म्हणाली. ती हसली, पण लगेच त्यांच्या सदऱ्याला इस्त्री करायला बसली.

सुनावणीला एक प्रौढ अधिकारी बाई होत्या. त्यांनी मान वर न करता पुकारले.

"तक्रारदार हजर?"

"हजर."

"ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते?"

"हजर."

बाईंनी मान वर केली. समोर एकच माणूस होता, हातात पिशवी घेतलेला. त्यांनी कागद पुन्हा वाचला, चष्मा काढला, आणि नियमाप्रमाणे विचारावेच लागते ते विचारले, "दोघांत तडजोडीची शक्यता?"

"नाही," मोजणीदार म्हणाले.

मग त्यांनी मला पिशवीतून काढून बाईंच्या टेबलावर ठेवले आणि सगळे सांगितले. बाईंनी ऐकले. शेवटी वही मागवली, पान काढले, आणि बराच वेळ त्या सुरेख अक्षराकडे बघत राहिल्या. 'पडीक' या शब्दावर त्यांनी लाल शाईने एक रेघ ओढली, वर 'पड' लिहिले आणि सही केली. समासात लिहिले, 'नोंद घेणाऱ्याच्या जबाबावरून दुरुस्त.' या सगळ्याला चौदा महिने लागले. रेघ ओढायला एवढासाच वेळ लागला, पण रेघेपर्यंत पोचायला चौदा महिने.

नक्कल हातात पडली त्याच दिवशी आम्ही ताईकडे गेलो. दार भाचीने उघडले.

"मामा, तुला फोनवर सांगायचं होतं. आईला हल्ली नीट आठवत नाही काही."

"मला ओळखेल ना?"

भाची दारातून बाजूला झाली.

ताई खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसली होती. पाहुणा बघून तिने पदर सारखा केला.

"या. कुठले तुम्ही?"

मोजणीदारांनी पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "मोजणी खात्यातला."

"हो का? बसा ना. माझा भाऊ पण मोजणीतच आहे." ताईचा चेहरा उजळला. "हुशार आहे हो. अक्षर तर काय सुंदर. मीच गिरवून घेतलंय."

मोजणीदारांनी खिशातून नक्कल काढली. कागदाचा आवाज मला पिशवीत ऐकू येत होता. त्यांनी वाचले. गावाचे नाव, गट क्रमांक, मालकिणीचे नाव. "पड," त्यांनी वाचले. आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "पड."

"ते माझंच खालचं शेत," ताई म्हणाली. "बरोबर लिहिलंय. पण तुमचा कागद काय कामाचा, माझा भाऊ यायचाय मोजायला. त्याला मला सांगायचंय, यंदा निजू दिलंय म्हणून. तो घाईत असतो. विसरेल बघा. तुम्हाला भेटला तर सांगाल?"

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की सांगेन, ताई. तो बरोबर लिहील."

"ताई म्हणालात तुम्ही," ती हसून म्हणाली. "तोही असंच म्हणतो."

मित्रांनो, जी माफ करू शकत होती ती रागही विसरून गेली आणि माफ करायचेही राहून गेले. असे काही होऊ शकते हे कुठल्याच नमुन्यात छापलेले नाही. मोजणीदारांनी मला पिशवीतून काढून तिच्या पांघरुणावर ठेवले. का ठेवले ते त्यांनाही सांगता आले नसते. ताईने माझ्यावरून तळहात फिरवला, एकदा, उभा, जसा जमिनीवरून फिरवतात तसा. मग पांघरुणाचे टोक ओढून माझ्यावर घातले.

तिथे मी सव्वीस दिवस होतो. मग ती गेली, आणि भाचीने मला एका पाकिटात घालून मामाकडे परत पाठवले.

मोजणीदार पुढे सहा वर्षे शनिवारी जात राहिले. गावे पाण्याजवळच वसवत राहिले. कोणी नवा खेळाडू 'पडीक' म्हणाला तर खिडकीशी जात नसत, "पड," एवढेच म्हणत, आणि पट्टी पुढे करत. नंतर त्यांचे गुडघे गेले. मग ते गेले. घड्याळजींनी त्या शनिवारी टेबलावर हिरवे कापड पसरले, गाव मांडले, शेते मांडली, आणि सैनिक काढलेच नाहीत. तासभर बसले आणि आवरून ठेवले.

आता मी वाचनालयाच्या कपाटात एका खोक्यात असतो. खोक्यावर नव्या मंडळींनी यादी चिकटवली आहे. टेकड्या चार, गावे तीन, पिके सहा, इतर एक. तो इतर मी. हल्लीची मुले झटपट खेळतात. गाव कोपऱ्यात, शेत जंगलापलीकडे. शेतकरी पुन्हा वाघाच्या तोंडी.

आत्मवृत्ताच्या शेवटी बोध द्यावा लागतो, त्याशिवाय कोणी सोडत नाही. तर मित्रांनो, जिथे काही दिसत नाही तिथे 'काही नाही' असे लिहिण्याआधी कोणाला तरी विचारा. विचारल्यावर त्याने सांगितले, तर तेच लिहा, मग शेजारी उभा असलेला कोणी कसाही हसो. आणि खोडायचे असेल तर ज्याच्यासाठी खोडायचे त्याला आठवत आहे तोवर खोडा. माझ्यावर लेख लिहू नका, मला काचेत ठेवू नका. 'इतर'च्या जागी 'पड' लिहाल तर आनंद आहे, पण त्यालाही म्हणे मंडळाची सभा लागते, तेव्हा राहू द्या.

एवढेच करा. खोक्यात दोन डांबरगोळ्या ठेवल्या आहेत, त्यांतली एक काढा, वासाने निजता येत नाही. एक पुरते.